गानहिरा हिराबाई बडोदेकर

आमच्या शाळेच्या गायकवृंदांत ज्या मुली वरच्या पट्टींतला सूर धरतात त्यांस ‘सोप्रानो’ म्हणतात, हें येथील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. गेल्या वर्षीं नाताळच्या गीतांची तालीम चालू असतां एके दिवशीं मीं त्या मुलींना इटालियन संगीत नाटकांतील पदांची एक जुनी ध्वनिमुद्रिका ऐकविली. गाणारी बाई आडेलिना पात्ती. ती संपल्यावर एका मुलीनें विचारलें, कीं नाटकांतलीं पदें अशा रीतीनें मुद्रिकेवर गाऊन ठेवणारी गायिका आपल्या लोकांत कोणी झाली काय? आपल्या येरवड्याहून बंड गार्डनचा पूल ओलांडून पुण्यांत शिरलें म्हणजे ज्या शहरांत आपण येतों, त्याच शहरांत ती राहात होती, असें मीं सांगितलें, तेव्हां मुलींना मोठें नवल वाटलें. त्यांच्यापैकीं एकीनेंहि हिराबाई बडोदेकर हें नांव ऐकलेलें नव्हतें. त्यांच्या आजोबा-आजींना विचारलें असतें तर पुष्कळांनीं चटकन् ओळखलें असतें. म्हणून हें चरित्र मुलांइतकेंच त्यांच्या पालकांसाठींहि लिहीत आहें.

प्रथम त्या परदेशी गायिकेविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पात्तीचा जन्म १८४३ सालचा. आपल्या मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचाहि जन्म त्याच सालचा आहे. पात्तीनें उभें आयुष्य युरोप-अमेरिकेच्या रंगभूमीवर गाण्यांत घालविलें, आणि ग्रामोफोन नांवाचें यंत्र जेव्हां नांवारूपास आलें तेव्हां ती म्हातारी होऊं लागली होती. यंत्रासमोर गाण्यास ती पुष्कळ दिवस राजी नव्हती. अखेर १९०५ च्या डिसेंबरांत, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, वेल्स प्रांतांतील आपल्या वाड्यांत तिनें यंत्रवाल्यांना बोलाविलें आणि प्रथमच आपला आवाज मेणाच्या तबकडीवर उतरूं दिला. तो परत वाजवून दाखविला तेव्हां ती हर्षानें वेडावून गेली, असें सांगतात. हें काम करणारा फ्रेड गेजबर्ग हा मोठा उद्योगी गृहस्थ होता. १९०२ च्या एप्रिलमध्यें त्यानें इटलींतील मिलान शहरीं कारुसो या तरुण गायकाचीं नाटकांतलीं पदें मुद्रित केलीं, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास येऊन गौहरजान या गायिकेचें गाणें मुद्रित केलें. म्हणजे इटलीचा ऑपेरा आणि हिंदुस्थानचा ख्याल हे दोघे एकाच वर्षीं, एकाच माणसाच्या हातून, एकाच प्रकारच्या कर्ण्यांत शिरले!

ज्या १९०५ सालीं पात्ती आपल्या वाड्यांत त्या कर्ण्यापुढें उभी राहिली, त्याच सालच्या मे महिन्याच्या २९ तारखेस मिरजेस एका गवयाच्या घरीं मुलगी जन्मली. तिचें लहानपणचें नांव चंपाकली. मिरज म्हटलें कीं आम्हां मिशनच्या शाळांत वाढलेल्या लोकांच्या डोळ्यांपुढें डॉक्टर वानलेस यांचें मिशन हॉस्पिटल प्रथम उभें राहतें. परंतु गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या लेखीं मिरज म्हणजे तंबोरे-सतारी करणारांचें गांव आणि खांसाहेब अब्दुल करीम खां यांचें गांव. हे खांसाहेब मुलीचे वडील. किराणा घराण्याची गायकी महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जी पसरली ती मुख्यत्वें त्यांच्यामुळें. उत्तर हिंदुस्थानांतील कैराना या गांवावरून त्या घराण्यास हें नांव पडलें. सुराचा गोडवा आणि सावकाश केलेली बढत हें त्या गायकीचें मर्म आहे.

आईचें नांव ताराबाई माने. त्या बडोद्याच्या सरदार घराण्यांतल्या. खांसाहेब बडोद्याच्या दरबारीं असतां ताराबाई त्यांच्यापाशीं गाणें शिकूं लागल्या आणि पुढें दोघांनीं संसार मांडण्याकरितां बडोदें सोडलें. दोघांचे धर्म वेगळे, दोघांचीं कुळें वेगळीं, आणि काळ तो असा. किती कठीण पाऊल होतें तें सांगावयास नको. पुढें घरांत जें आडनांव प्रसिद्धीस आलें तें ‘बडोदेकर’ त्या सोडून आलेल्या शहराची आठवण म्हणून राहिलें. त्यांना पांच मुलें झालीं. खांसाहेबांनीं आर्य संगीत विद्यालय चालविलें होतें. त्यांत शिष्य घरच्या माणसांसारखे राहून शिकत. घरांत पहांटेपासून तंबोरा वाजत असे, तेव्हां मुलांच्या कानीं सूर न पडता तरच आश्चर्य.

परंतु हें घर टिकलें नाहीं. मुलें अजून लहान-तरुण असतांनाच ताराबाई पांचहि मुलांना घेऊन खांसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. कोणाचा किती दोष हें ठरविण्याचा आपणांस अधिकार नाहीं. मुलांवर काय ओढवलें तें मात्र पाहिलें पाहिजे. त्यांचीं पहिलीं नांवें मागें पडलीं. अब्दुल रहमानचा सुरेशबाबू झाला, चंपाकलीची हिरा झाली, गुलाबची कमला झाली, आणि सर्वांत धाकटी सकीना ती सरस्वती झाली. कृष्णराव हा आणखी एक भाऊ. नांवाबरोबर बापाचें छत्र गेलें आणि बापापाशीं बसून मिळावयाची विद्याहि गेली. एका मोठ्या गवयाचीं मुलें, आणि गाण्यासाठीं दुसऱ्याच्या दाराशीं जाण्याची पाळी! ज्या पालकांना आपल्या मुलांना एकट्यानें वाढवावें लागलें आहे त्यांना ताराबाईंच्या मनाची कल्पना येईल. त्यांनीं पांच मुलांचें पोट सांभाळलें आणि त्यांचें गाणेंहि तुटूं दिलें नाहीं. मला स्वतःला या सबंध चरित्रांत हिराबाईंच्या खालोखाल जर कोणाबद्दल आदर वाटत असेल तर तो या बाईंबद्दल.

हिराबाईंना पहिले धडे वडील भाऊ सुरेशबाबू यांच्यापासून मिळाले. नंतर खांसाहेबांच्याच नात्यांतले व त्याच घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खां यांची तालीम त्यांना लाभली. या वहीद खांसाहेबांना ऐकूं कमी येई, म्हणून लोक त्यांना ‘बहिरे’ वहीद खां म्हणत. कानानें अधू असलेल्या माणसानें सुराचें इतकें सूक्ष्म ज्ञान मिळवावें ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्यांची शिकविण्याची रीत सावकाश. एकेक स्वर घेऊन त्याच्याभोंवतीं राग उभा करावयाचा, घाई करावयाची नाहीं, पुढचा स्वर लागण्यापूर्वीं मागचा पुरता ऐकूं आला पाहिजे. हिराबाईंच्या गाण्यांत पुढें जो संथपणा आणि जी स्वच्छता आली तिचें मूळ येथें आहे.

१९२१ सालीं मुंबईस पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या गांधर्व महाविद्यालयांत संगीत परिषद भरली होती. तेथें हिराबाई प्रथम जाहीर रीतीनें गाइल्या. त्या वेळीं त्यांचें वय सोळा वर्षांच्या आसपास, म्हणजे आपल्या मॅट्रिकच्या वर्गांतील मुलीएवढें. समोर मोठमोठे जाणकार बसलेले. गाणें सर्वांस आवडलें, आणि एक नवी गायिका उदयास आली हें लोकांनीं ओळखलें.

आतां येथें त्या काळची स्थिति समजून घेतली पाहिजे, एरव्हीं हिराबाईंनीं काय केलें तें आजच्या मुलींना कळणार नाहीं. त्या दिवसांत घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांनीं चारचौघांत गाणें हें कमीपणाचें मानीत. ज्या गात त्यांच्या गाण्यास लोक गर्दी करीत, पण त्यांना आपल्या घरांत पाऊल टाकूं देण्यास कचरत. गाण्याचा लोभ असावा आणि गाणारीचा संकोच वाटावा, अशी ही दुटप्पी रीत होती. हिराबाईंनीं या रीतीविरुद्ध व्याख्यान दिलें नाहीं कीं लेख लिहिला नाहीं. त्यांनीं एवढेंच केलें, कीं साधें नीटनेटकें लुगडें नेसून, हातवारे न करतां, मांडी घालून शांतपणें बसावें आणि गावें. तिकीट काढून कोणीहि यावें आणि ऐकून जावें, अशा जाहीर मैफली करणाऱ्या आपल्याकडील अगदीं पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. ज्या गृहस्थांनीं पूर्वीं आपल्या बायका-मुलींना गाण्याच्या बैठकीच्या आसपास फिरकूं दिलें नसतें, ते त्यांना सोबत घेऊन हिराबाईंच्या मैफलीस येऊं लागले. पुढें महाराष्ट्रांत मध्यमवर्गाच्या घरोघर मुलींना पेटी-तंबोऱ्यावर गाणें शिकवूं लागले, त्याचें बरेंचसें श्रेय या शांत बैठकीस आहे असें माझें मत आहे.

ध्वनिमुद्रिकांनीं हें काम आणखी दूरवर नेलें. हिराबाईंचीं गाणीं मुद्रिकांवर तरुणपणापासूनच निघूं लागलीं. ज्यांनीं ग्रामोफोन पाहिला नाहीं त्या मुलांसाठीं थोडें सांगतों. जुन्या पद्धतींत गाणाऱ्यानें एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें. आवाजानें कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे आणि त्यास लावलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर वेडीवांकडी रेघ कोरी. विजेच्या मायक्रोफोननें मुद्रण करण्याची युक्ति १९२५ च्या सुमारास आली, तेव्हां कोठें गाणाऱ्यास ओरडावयाची गरज उरली नाहीं. तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर वेळां फिरे, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणें मावत नसे. ज्या गायकीचें सारें वैभव सावकाशींत आहे, जिच्यांत एक ख्याल तासभर चालतो, तिला तीन मिनिटांत कोंबावयाचें! आलापांतील दोन-चार स्वर, बंदिशीचा मुखडा, अंतरा, निवडक ताना, आणि सुई कडेला पोंचण्यापूर्वीं समेवर येऊन थांबणें. पुष्कळ मोठ्या गवयांची या घाईंत त्रेधा उडाली आहे. हिराबाईंच्या मुद्रिका ऐकतांना मात्र कोणी मागें लागलें आहे असें वाटत नाहीं. ख्याल, ठुमरी, नाटकांतलीं पदें, भजनें, भावगीतें अशा नाना प्रकारचीं गाणीं त्यांनीं मुद्रिकांवर गाइलीं. आवाज गोड व उंच. जोर नाहीं, कर्कशपणा नाहीं. युरोपांत त्यांचा जन्म झाला असता तर त्यांना सोप्रानोंच्याच रांगेंत उभें केलें असतें, असें मला वाटतें. मात्र आपल्याकडे आवाजाचे असे वर्ग पाडून ठेवण्याची चाल नाहीं.

मुद्रिकांची शक्ति केवढी होती तें याच घराण्यांतील एका गोष्टीवरून दिसतें. अब्दुल करीम खांसाहेबांची मुद्रिका लहानपणीं कानावर पडली, आणि तसें गाणें शिकावयाचें म्हणून भीमसेन जोशी हे अकरा वर्षांचे असतांना घर सोडून निघाले. (आमच्या विद्यार्थ्यांनीं यांतील घर सोडण्याचा भाग गिरवूं नये!)

१८८० सालच्या ३१ ऑक्टोबरास पुण्यांत किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ नाटकाचा प्रयोग झाला आणि तेथून मराठी संगीत नाटकाची परंपरा सुरू झाली. इटालियन ऑपेरांत आरंभापासून अखेरपर्यंत सर्व गाऊनच होतें. आपल्या नाटकांत बोलणेंहि आहे आणि पदेंहि आहेत. पण गाण्यासाठीं नाटकास जावयाचें, एखाद्या पदास पुनःपुन्हां ‘वन्समोअर’ मागावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीं तेंच पद घराघरांतून गुणगुणावयाचें, यांत मिलान आणि पुणें यांत फारसें अंतर नव्हतें. अंतर होतें तें दुसऱ्याच गोष्टींत. आपल्याकडे शकुंतला आणि सुभद्रा यांचीं कामें पुरुष करीत. बालगंधर्वांनीं स्त्री-भूमिका ज्या थाटानें केल्या त्यास तोड नाहीं. त्यांचे शालू आणि त्यांच्या लकबी पाहून स्त्रिया नेसण्या-सजण्याची रीत उचलीत. इटालियनांनीं आपणांस हंसूं नये, कारण पोपच्या राज्यांत रोम येथेंहि पुष्कळ काळपर्यंत स्त्रियांना रंगभूमीवर बंदीच होती आणि त्यांचीं कामें पुरुषच करीत. आपल्याकडे केवळ स्त्रियांच्या अशा नाटकमंडळ्या निघाल्या होत्या, परंतु पुरुषांच्या बरोबर स्त्रियांनीं एका रंगमंचावर उभें राहणें लोकांस रुचत नसे.

१९२९ च्या सुमारास हिराबाई आणि त्यांचीं भावंडें यांनीं आपल्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा काढली. पुरुषांचीं कामें पुरुषांनीं आणि स्त्रियांचीं स्त्रियांनीं करावयाचीं, असा त्यांचा बेत. ‘सौभद्र’ नाटकांत हिराबाई सुभद्रा होऊन उभ्या राहिल्या. ज्या भूमिकेंत बालगंधर्वांस पाहण्याची लोकांची संवय, त्या भूमिकेंत एका स्त्रीनें उभें राहावयाचें ही परीक्षा साधी नव्हती. बालगंधर्वांपेक्षां स्त्री ही अधिक चांगली स्त्री दिसेल काय, अशी शंका त्या काळीं लोकांना खरोखरच येई, हें आज वाचून गंमत वाटते. हिराबाईंनीं बालगंधर्वांची नक्कल केली नाहीं. त्यांनीं आपल्याच स्वभावास साजेल अशा सौम्य रीतीनें सुभद्रा उभी केली आणि पदें आपल्या घराण्याच्या रीतीनें गाइलीं. लोकांनीं तीं डोक्यावर घेतलीं.

तरी मंडळी चालली नाहीं. नाटकमंडळी म्हणजे केवळ गाणें नव्हे. पडदे, कपडे, मुक्काम, शंभर तोंडांचें जेवण, रेल्वेचें भाडें हें सर्व तींत येतें. त्यांतच १९३१ सालीं ‘आलमआरा’ हा पहिला बोलपट आला आणि पुढच्याच वर्षीं ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. थोड्या आण्यांत चित्रांतलीं माणसें गातांना-बोलतांना दिसूं लागल्यावर नाटकगृहें ओस पडूं लागलीं. मोठमोठ्या जुन्या मंडळ्या मोडल्या, मग ही नवी कोठून टिकणार? कांहीं वर्षांतच ती बंद करावी लागली आणि कर्जाचा डोंगर मागें राहिला. हिराबाईंनीं तें कर्ज गाऊन फेडलें. गांवोगांव मैफली, रात्रीची जागरणें, आगगाडीचा प्रवास, पुन्हां मैफल, असें तें चालले. त्यांच्या आवाजाच्या गोडव्याचें कौतुक सर्वच करतात. तोच आवाज कांहीं वर्षें कर्जदाराच्या जमाखर्चाच्या वहीस जुंपलेला होता, हें थोड्यांना माहीत असतें. त्यांनीं चित्रपटांतहि कामें केलीं. बाबूराव पेंटर यांच्या १९३७ सालच्या ‘प्रतिभा’ या बोलपटांत त्या होत्या. परंतु चित्रपटांत त्यांचें मन फारसें रमलें असें दिसत नाहीं. बैठक हेंच त्यांचें खरें स्थान.

त्याच १९३७ सालच्या २७ ऑक्टोबरास अब्दुल करीम खांसाहेब दक्षिणेंत प्रवासांत असतां एका लहानशा रेल्वे-स्टेशनवर वारले. त्यांचा देह मिरजेस आणून तेथें दफन केला. बाप-लेकींच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या झाल्याच. पण ज्यांनीं दोघांच्या मुद्रिका पाठोपाठ ऐकल्या आहेत त्यांना तो एकाच घरचा स्वर लपत नाहीं. स्वर लावण्याची तीच कोमल रीत आणि तोच करुण झोंक दोघांतहि आहे. पुढें नांवें बदललीं, पण गळ्यांतली ही खूण बदलली नाहीं.

हिंदुस्थान १९४७ च्या १५ ऑगस्टास स्वतंत्र झाला. त्या समारंभप्रसंगीं दिल्लीस ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान हिराबाईंस मिळाला. एके काळीं ज्या समाजास गाणाऱ्या स्त्रीचें नांव घेण्यास संकोच वाटे, त्याच समाजानें आपल्या अत्यंत आनंदाच्या दिवशीं गाण्यासाठीं एका स्त्रीस बोलाविलें. पुढें १९५३ सालीं भारतीय कलावंतांच्या शिष्टमंडळाबरोबर त्या चीनलाहि जाऊन आल्या.

मात्र त्याच १९५३ सालच्या फेब्रुवारींत सुरेशबाबू निवर्तले. भाऊ आणि पहिला गुरु एकदमच गेला. सुरेशबाबूंचें गाणें जाणकारांस फार प्रिय, पण लोकांत मिरवण्याची हौस त्यांना नव्हती. त्यांच्या विद्येचा मोठा वांटा शिष्यांच्या गळ्यांत राहिला. धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे हिनेंहि गाण्यांत मोठें नांव मिळविलें. १९४३ सालच्या ‘रामराज्य’ चित्रपटांतील तिचें वीणेवरील गाणें सबंध देशांत गाजलें. उत्तर वयांत या दोघी बहिणी शेजारीं बसून जुगलबंदी गात. ख्यालाच्या मैफलींत दोन स्त्रियांनीं अशी जोडीनें गाण्याची रीत पूर्वीं नव्हती. एकीनें आलाप सोडावा आणि दुसरीनें तो तेथूनच उचलावा. लहानपणीं एकाच अंथरुणावर निजलेल्या बहिणींनाच तें साधावें.

सरकारनें आणि लोकांनीं त्यांचा पुष्कळ गौरव केला. १९६५ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० सालीं पद्मभूषण हे मान त्यांना मिळाले. ‘गानहिरा’ ही पदवी लोकांच्या तोंडीं होती. परंतु पुण्यांतील त्यांच्या घरीं शिकण्यास जाणाऱ्यांना त्या शेवटपर्यंत साध्याच आढळल्या. त्यांच्यापाशीं आणि सुरेशबाबूंपाशीं शिकलेल्यांत माणिक वर्मा होत्या, आणि पुण्यांतच १९३२ सालीं जन्मलेल्या प्रभा अत्रे होत्या. प्रभाताईंनीं विज्ञानाची आणि कायद्याची पदवी घेतली होती आणि पुढें संगीतांत डॉक्टरेटहि मिळविली. गाणें शिकलें तर अभ्यास बुडतो, अशी भीति ज्या पालकांना वाटते त्यांच्या माहितीसाठीं हें येथें लिहून ठेवतों.

१९८९ च्या नोव्हेंबरच्या २० तारखेस पुण्यांत हिराबाईंचें देहावसान झालें. सरस्वतीबाई २००६ सालीं गेल्या आणि प्रभाताई २०२४ च्या जानेवारींत. मुंबईचें जुनें रॉयल ऑपेरा हाउस पुष्कळ वर्षें बंद पडलें होतें, तें २०१६ सालीं पुन्हां उघडलें, तेव्हां तेथें गाण्यास मुंबईंत जन्मलेली सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ आली होती. हिराबाईंच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या आतां बाजारांत मिळत नाहींत, पण त्यांवरचीं पुष्कळशीं गाणीं संग्राहकांनीं जपून ठेविलीं आहेत आणि तीं मोबाइलवरहि ऐकावयास सांपडतात. आमच्या गायकवृंदाच्या मुलींनीं आधीं ‘सौभद्रां’तलीं पदें ऐकावीं आणि मग एखादा ख्याल. त्यांतील तीन मिनिटें संपल्यावर पुन्हां पहिल्यापासून लावावें लागतें, हा माझा अनुभव आहे.